डाव्या पिळाची मोळी

शामकांत पुण्याहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत तीन जिनसा होत्या. दमयंतीसाठी एक पातळ, पाव किलो बाकरवडी आणि सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा करंगळीएवढा जाड गठ्ठा. पातळ कपाटात गेलं, बाकरवडी शेजारच्या दोन घरांत वाटून संपली, गठ्ठा मात्र त्याच्या डोक्यात जाऊन बसला.

श्रीगोंदे तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात तो कामगार कल्याण अधिकारी होता. नोकरीला दीड वर्ष झालेलं, अजून कायम व्हायचा होता. घराणं भिक्षुकीचं आणि कारकुनीचं. वडील नृसिंहपंत नगरच्या कचेरीत हयातभर लिहीत बसले, म्हणून मुलगा अधिकारी झाल्याचं त्यांना केवढं तरी अप्रूप. पण कल्याण म्हणजे नेमकं काय करायचं हे कारखान्यात त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो कॅन्टीनच्या चहात दूध पडतं की नाही ते बघायचा, फडात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर जीप काढायला लावायचा, आणि उरलेला वेळ खुर्चीत बसून आपल्या हातून कुणाचं भलं होतंय का याचा विचार करायचा. अशात डिसेंबरमध्ये एम. डी. साहेबांनी त्याला पंधरा दिवसांच्या शिबिराला धाडलं. विषय होता, माणूस काम का करतो.

तिथे एका प्राध्यापकांनी फळ्यावर पाच पायऱ्यांचा मनोरा काढला होता. सगळ्यांत खाली भाकरी. तिच्यावर निर्धास्तपणा, म्हणजे उद्याची भाकरी. तिसऱ्या पायरीवर आपली माणसं, चौथीवर मान, आणि अगदी वर, ढगाला टेकलेली पायरी, आपल्यात जे जे आहे ते सगळं फुलून येणं. माणूस एकेक पायरी चढतो आणि त्या चढण्याच्या ओढीनं राबतो, असं ते म्हणाले. दुसरे एक जण म्हणाले की साहेब दोन जातीचे असतात, एकाला वाटतं माणूस मुळातच कामचुकार, दुसऱ्याला वाटतं माणसाला काम आवडतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. शामकांतने वहीत दुसऱ्या जातीपुढे बरोबरची खूण केली आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

रात्री जेवताना त्याने हे सगळं दमयंतीला सांगितलं. तिने मनोरा नीट ऐकून घेतला, त्याच्या पानात आमटी वाढली आणि विचारलं, "मग मी हा स्वयंपाक करते तो कुठल्या पायरीवरून?"

त्याने घास हातात धरून बराच विचार केला. मग तो घास आमटीत बुडवून खाल्ला.

त्या हंगामात कारखान्याचं दुखणं एकच होतं. ऊस वेळेवर येत नव्हता. गव्हाणीत ऊस संपला की यंत्रं थांबायची, आणि पंचक्रोशीत ऐकू जाणारी ती घरघर थांबली की वसाहतीतल्या तान्ह्या मुलांनाही जाग यायची. एम. डी. साहेबांनी बैठक बोलावली. शामकांतने आपला बेत मांडला. पाथर्डीकडून आलेल्या ट्रकच्या टोळ्यांपैकी एक टोळी घ्यायची. आजवर सबंध टोळीचा ऊस एकत्र काट्यावर चढतो, कोणी किती तोडला ते कोणालाच कळत नाही. त्याऐवजी पंधरा दिवस प्रत्येकाच्या मोळ्या वेगळ्या मोजायच्या. ज्याचं काम माणशी सर्वांत जास्त भरेल त्याचा सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर चेअरमनसाहेबांच्या हस्ते सत्कार करायचा. मानासाठी माणूस काय करतो ते बघाच, असं तो म्हणाला.

शेतकी अधिकारी श्रीमंतराव तोंडात सुपारी धरून ऐकत होते. त्यांची उभी हयात उसात गेलेली. ते म्हणाले, "पंत, तुमच्या मनोऱ्याला मोळी बांधता येत न्हाई. पर मोजनी करायची तर माझं बी एक काम होऊ द्या. जोडप्याला दिवसाकाठी सत्तर मोळ्या, एकट्याला पस्तीस. त्याच्या खाली जो राहील त्याची पंधरवडा सरल्यावर गावाला रवानगी. नुसत्या कोप्या अडवून बसलेत काही जण."

एम. डी. साहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच सहीत मंजूर केल्या. शामकांतने वही मिटली. आपला बेत मंजूर होत असताना शेजारच्या ओळीला हरकत घ्यायला जीभ उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल हाणत तो गोरक्ष मुकादमाच्या टोळीकडे गेला. टोळी ओढ्याकाठच्या फडात पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालून उतरली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडप्याला एक कोयता म्हणतात. पुरुष तोडतो, बाई मोळी बांधते. गोरक्षच्या टोळीत असे अकरा कोयते होते, त्यातला एक त्याचा स्वतःचा. आणि बारावी गोजरबाई. नवरा दोन हंगामांमागे गेलेला, म्हणून ती अर्धा कोयता. पन्नाशी उलटलेली, गुडघा धरलेला, एका डोळ्यावर सारा, पांढरा पडदा, आलेला. तोडायचं तिनेच, बांधायचंही तिनेच. पाथर्डीकडे तिच्या वाट्याला दिराच्या घराची एक पडवी होती आणि त्या साली तिथल्या विहिरीने दिवाळीतच तळ दाखवला होता. दिराच्या घरात तिच्या ताटाकडे बघणारे डोळे फार होते. इथून परत जाणं म्हणजे त्या डोळ्यांपुढे जाऊन बसणं.

गोरक्षने सगळ्यांना बांधावर बसवलं. शामकांतने बेत समजावून सांगितला, सत्तर आणि पस्तीसचा नियमही सांगितला, पण तो जरा खालच्या आवाजात. पुरुषांनी तंबाखू मळली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग, कुणी ठरवल्याशिवाय, सगळ्यांची नजर एकदा गोजरबाईच्या गुडघ्यावरून गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. शामकांतला ती नजर दिसली, पण तिचा अर्थ त्याच्या गठ्ठ्यात कुठे लिहिलेला नव्हता.

तो सायकलवर बसला तेव्हा मागून फडातून आवाज आला. म्हातारा, पण तारेसारखा ताठ.

*पुन्याहून आला सायेब, काखेत त्याच्या वही,*
*उभ्या उसाला इचारितो, तुला गोडी कशापायी.*

बायका खळखळून हसल्या. ओवी गोजरबाईची होती. तिच्या जिभेवर असल्या ओव्या आपोआप यायच्या. शामकांतही हसला, पण घरी येईपर्यंत ती ओवी त्याच्या चाकाबरोबर फिरत राहिली.

पंधरा दिवस चिठ्ठ्या येत राहिल्या. रोज दिवस मावळायच्या आत फडावरचा कारकून ढीग मोजून जायचा. एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच दिसली. टोळीचं काट्यावरचं वजन वाढलं होतं. आधीपेक्षा रोज पन्नासेक मोळ्यांएवढा ऊस जास्त चढत होता. श्रीमंतरावांनी नुसती सुपारी या गालातून त्या गालात केली. शामकांतने रात्री मनोऱ्याची चौथी पायरी तांबड्या पेन्सिलीनं रंगवली.

पंधरवडा सरला, तरी रवानगीचा निकाल लागेपर्यंत मोजणी चालूच होती. त्याने चिठ्ठ्या टेबलावर पसरून माणशी हिशेब काढला. भीमा आणि मालनबाई या तरण्या जोडप्याचा ढीग सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत भरे. तेच पहिले येणार असं त्याने धरलं होतं. त्यांच्या मोळ्या दिवसाला पंचाऐंशी भरल्या होत्या, म्हणजे माणशी साडेबेचाळीस. बाकीचेही थोडेफार तिथेच. गोजरबाईच्याही पंचाऐंशी होत्या. आणि ती एकटी होती.

त्याने दोनदा बेरीज केली. मग उठून खिडकीशी गेला आणि परत येऊन तिसऱ्यांदा केली. एका डोळ्याची, धरल्या गुडघ्याची विधवा बाई सबंध टोळीत दुपटीने पुढे. दुसऱ्या जातीचा साहेब असण्याचं एवढं मोठं बक्षीस मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. तासाभरात सत्काराची पत्रकं निघाली. साडी, चोळी, नारळ; सत्कारमूर्ती, श्रीमती गोजरबाई. त्यातलं एक गोरक्षच्या हाती फडावर गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजरबाई ऑफिसात आली. चार मैल चालत. दारातच थबकली, पायताणं बाहेर काढली. शामकांतने खुर्ची पुढे केली तर ती भिंतीशी खाली बसली. त्याने पाणी मागवलं. ते ती वरून, तोंड न लावता प्यायली आणि तिने तांब्या डाव्या हाताने हळूच बाजूला सारला. मग म्हणाली, "सायेब, त्या कागदावरलं माझं नाव खोडा."

त्याला हे अपेक्षित होतं. गठ्ठ्यात एक पानच होतं यावर. ज्यांना आयुष्यात कधी मान मिळाला नाही त्यांना तो स्वीकारताना संकोच होतो. त्याने मऊ आवाजात तिला समजावलं, की यात लाजण्यासारखं काही नाही, तिच्या कष्टाचंच हे चीज आहे, मोजणीत तिचं नाव पहिलं आलंय.

"मोजनीला काय दिसतं सायेब. ढीग दिसतो."

"ढीग तुमचाच ना?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मान मला बी गोड लागतो. माझा मालक व्हता तवा एका दिसाला शंभरावर मोळ्या पडायच्या आमच्या, आन मुकादम नाव घिऊन सांगायचा. पर ह्यो नगं. का ते इचारू नका. सांगाया गेलं तर दुसऱ्याचं नाव निघंल, आन ते मला जमायचं न्हाई."

शामकांतला काही कळलं नाही. आणि कळलं नाही की तो कागदाचा आधार घ्यायचा. त्याने गठ्ठ्यातली प्रश्नावली पुढे ओढली. निदान एवढं तरी सांगा म्हणाला, तुम्हाला रोज काम करावंसं कशामुळे वाटतं.

गोजरबाईने त्याच्याकडे त्या एका धड डोळ्याने पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, लहान पोराने भलतंच विचारलं की आई बघते तसं काहीतरी होतं. "ऊस उभा आस्तो म्हनून," ती म्हणाली.

मग भिंतीला हात लावून उठली. पायताणं घालता घालता, पाठमोरीच, म्हणाली, "तुमी नाव खोडलं न्हाई तर मी सव्वीस तारखंच्या आधी गावाला जाईन. त्या मांडवात मला उभं ऱ्हाता येनार न्हाई."

ती गेली. भिंतीशी तांब्या राहिला होता. शामकांत त्या तांब्याकडे बघत बसला. दिराची पडवी त्याला ठाऊक होती, कोरड्या विहिरीचं गोरक्षने सांगितलं होतं. सगळ्यांत खालच्या पायरीवरची भाकरी लाथाडून ही बाई चौथ्या पायरीवरचा मान नको म्हणत होती. प्राध्यापकांच्या मनोऱ्यावर असं उलटं उतरायची सोय नव्हती.

सकाळी उजाडायच्या बेताला त्याने सायकल काढली. थंडी बोटांना चावत होती, ओढ्यावर धुक्याची चादर होती. फडात कोयत्यांचा सपसप आवाज चालला होता आणि त्यातून तोच ताठ, तारेसारखा स्वर येत होता.

*उसाच्या गं फडामंदी हिरवा अंधार दाटला,*
*कोयत्याच्या पात्यावर दिस थोडा थोडा फुटला.*

आज त्यात हसू नव्हतं.

गोजरबाईचा कालचा ढीग अजून ट्रकात न चढता रस्त्याच्या कडेला होता. मुकादमाने तिला मुद्दाम रस्त्यालगतची पात, म्हणजे तोडायचा पट्टा, दिली होती, गुडघ्याला चाल कमी पडावी म्हणून. बाकीच्यांना आपापल्या मोळ्या डोक्यावर घेऊन तिच्या ढिगावरूनच ट्रककडे जावं लागे. ती स्वतः लांब, आत फडात होती. शामकांत ढिगापाशी उकिडवा बसला. उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पानांना वाढं म्हणतात. त्याच वाढ्याला पीळ देऊन त्याचा आळा करतात आणि त्यानं मोळी आवळतात. त्याने पहिल्यांदाच एक आळा नीट पाहिला. मग दुसरा. मग हात थांबला.

काही आळे डावीकडे पिळलेले होते, शेपूट आत दाबलेली. तांब्या डाव्या हाताने सारणारी ती बाई त्याला आठवली. हे तिचे. पण असे तीसच्या आसपासच निघाले असते. बाकीचे सगळे उजव्या पिळाचे. त्यातही काहींना दुहेरी गाठ होती, काहींची शेपूट शेंडीसारखी उभी, काही इतके घट्ट की उसाला काच बसलेला. पंधरा दिवस कारकुनाने ढीग मोजला होता. आळे कोणी पाहिले नव्हते.

इतक्यात भीमा डोक्यावर मोळी घेऊन आला. साहेबाला बघून दचकला, पण तोवर मोळी गोजरबाईच्या ढिगावर टाकून झाली होती. आळ्याला दुहेरी गाठ होती.

भीमाच बोलला, खाली बघत. म्हातारीला पस्तिसाला पाच कमी पडतात, म्हणून आपण रोज पाच टाकतो, म्हणाला. ट्रककडे जाता जाता. आपल्या कोयत्याचं काम घटू नये म्हणून कोंबड्याबरोबर उठून पाच जास्त तोडतो, त्यात कारखान्याचं नुकसान नाही. मग डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन हळूच म्हणाला, "पर टोळीत बोलू नका सायेब. आमी दोघंच करतो ह्ये. मालनला वाटतं, म्हातारीला कळलं तर ती दुसऱ्या दिशी ढीगच लावायची न्हाई."

भीमा गेला. शामकांत बांधावरून पुढे चालत गेला. बाभळीच्या फांदीला झोळी टांगून टोळीतली राहीबाई पोरीला झोका देत होती, एक हात झोळीला, एक हात वाढ्याला पीळ देत. तिच्या आळ्याची शेपूट शेंडीसारखी उभी होती. त्याने फक्त त्या आळ्याकडे बोट केलं. राहीबाईचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"पाच टाकतो. आमीच टाकतो, दुसऱ्या कुनाला म्हाईत न्हाई." तिने झोळीकडे मान वळवली. "हिची नाळ तिनं ह्याच हंगामाला कोपीत कापली, सायेब. रातभर माझं डोकं मांडीवर घिऊन बसली. तिचा कोयता मी मागं पडू दीन व्हय?"

शामकांतला हसू येऊ लागलं होतं. ट्रकपाशी गोरक्ष मुकादम भेटला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, शामकांतला चाकाआड नेलं आणि म्हणाला की साहेबांना आता कळलंच आहे तर सांगून टाकतो. मुकादमाने खरं तर असं करू नये, टोळी डोक्यावर बसते, पण त्याची बायको त्याच्या कोयत्यातल्या पाच मोळ्या रोज म्हातारीच्या ढिगावर टाकते. म्हातारीला नेमक्या तेवढ्याच कमी पडतात. "तुमच्यातच ठिवा. आमच्याबिगर कुनी करत न्हाई."

तिसऱ्यानंतर शामकांतने विचारणं सोडलं. त्याने खिशातली पेन्सिल काढून चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं. अकरा कोयते, प्रत्येकाच्या पाच, झाल्या पंचावन्न. म्हातारीच्या स्वतःच्या तीस. पंचाऐंशी. एका मोळीचाही फरक नव्हता.

प्रत्येकाला वाटलं होतं की पाच मोळ्यांचं भोक आपल्यालाच बुजवायचंय, आणि दुसऱ्या कुणाला ते दिसलेलं नाही. म्हणून अकरा जणांनी अकरा वेळा तेच भोक बुजवलं आणि त्यावर डोंगर उभा राहिला. तो डोंगर एकटी गोजरबाई बघत होती. आळे ओळखायला तिला एक डोळा पुरेसा होता. मोळ्या परत कराव्यात तर देणाऱ्यांचं तोंड पडणार, ठेवाव्यात तर आपण कमी पडतो ते कबूल होणार. म्हणून ती गप्प होती, तेही गप्प होते, आणि गप्प राहण्यावर ती टोळी पंधरा दिवस सुखाने चालली होती. त्या मांडवात नेऊन शामकांत ते गप्प राहणं फोडायला निघाला होता. लाउडस्पीकरवर.

टोळीचं वजन का वाढलं तेही आता कळत होतं. पाच आपल्यासाठी नव्हत्या म्हणून त्या तोडल्या गेल्या होत्या.

तसाच तो एम. डी. साहेबांच्या ऑफिसात गेला. श्रीमंतराव आधीच तिथे बसले होते. शामकांत उभाच राहिला. म्हणाला की मोजणीत चूक झाली, कोणती मोळी कोणत्या कोयत्याची हे त्याला नीट ठरवता आलेलं नाही, फडावर ढीग एकमेकांत मिसळले होते. चूक सर्वस्वी त्याची. गोजरबाईचं नाव मागे घ्यावं.

एम. डी. साहेबांनी चष्मा काढला. पत्रकं निघाली, चेअरमनसाहेबांना कळवून झालं, आणि आता हे. त्यांनी बरंच काही सुनावलं, आणि त्यातलं बहुतेक रास्त होतं. शामकांतने ऐकून घेतलं. मग श्रीमंतराव सावकाश बोलले.

"मग ती म्हातारी खरी तोडते तरी किती?"

"ते मला सांगता येणार नाही."

"पस्तिसाच्या वर का खाली, एवढं तरी सांगाल?"

शामकांतच्या खिशात ती चिठ्ठी होती, तिच्यावर तीसचा आकडा होता. तो म्हणाला, "मोजणीच चुकली म्हटल्यावर वरही नाही आणि खालीही नाही. त्या मोजणीवर कुणाचा सत्कार करता येणार नाही, आणि कुणाला घरीही पाठवता येणार नाही. काट्यावरचं टोळीचं वजन तेवढं खरं आहे. ते वाढलेलं आहे. नारळ द्यायचा तर सबंध टोळीला द्या."

श्रीमंतरावांनी सुपारी चघळणं थांबवलं. उसात हयात गेलेल्या माणसाला ढीग आपोआप मिसळत नाहीत हे कळत होतं. पण त्यांनी फक्त टोपी उचलली आणि पुढच्या साली बघू म्हणाले. दारातून जाताना शामकांतच्या कानाशी थांबले. "पंत, तुमाला उसातलं काही कळत न्हाई असं मी समजत हुतो."

एम. डी. साहेबांनी त्याच्या फायलीत 'मोजणीत हलगर्जीपणा' असा शेरा मारला आणि कायम होण्याचं सहा महिन्यांनी पुढे ढकललं. वजन वाढल्याचा अहवाल मात्र मागितला, कारणासह. शामकांत गठ्ठा उघडून बसला. पाचही पायऱ्या चढला, उतरला. पहिल्या चार खोडल्या, पाचवीशी थांबला, तीही खोडली. शेवटी कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'टोळीतील परस्पर सहकार्य'. सहकारी कारखान्यात या शब्दाला कोणी हरकत घेत नाही. अहवाल मंजूर झाला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. चेअरमनसाहेबांनी बांगलादेशावर अर्धा तास भाषण केलं आणि मग गोरक्षच्या डोक्यावर फेटा बांधून टोळीला पाच नारळ दिले. गोजरबाई बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती, राहीबाईची पोर मांडीवर घेऊन. शामकांतने तिकडे मुद्दाम पाहिलं नाही. तिनेही पाहिलं नसावं. कॅन्टीनमध्ये चहा सगळ्यांना पुरतोय ना हे बघायला तो गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर एक छोटी मोळी होती.

पाच ऊस. कोवळे नाहीत, जून नाहीत, कांडीवरची पांढरट पूड ओल्या हाताने पुसलेली. हिरव्या वाढ्याचा आळा. त्याने वाकून पाहिलं. पीळ डावीकडे होता, शेपूट आत दाबलेली.

त्याने मान वर केली. मांडवात सगळे आपापल्या कामात होते. भीमा नारळ फोडत होता. गोरक्ष फेटा सारखा करत होता. गोजरबाई पाठमोरी होती, मालनबाईच्या हातातल्या खोबऱ्याचा एक तुकडा मागून घेत होती. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, इतकं की ते न बघणं अंगाला जाणवावं.

त्याने मोळी एकदा हलवून घट्ट आहे ना पाहिली आणि सायकल काढली.

घरी दमयंतीने ऊस दारातच उतरवून घेतला. कोणी दिला म्हणून विचारलं. माहीत नाही, तो म्हणाला. ती विळी घेऊन आळा कापायला निघाली तेव्हा मात्र त्याने तिचा हात धरला, आणि सोडव म्हणाला, कापू नकोस. तिने सोडवायला घेतला. नेहमीच्या बाजूने सुटेना. दोनदा ओढून पाहिला, मग जवळ धरून निरखला.

"अहो, हा उलटा पिळलाय कुणीतरी."

शामकांत चपला काढत होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं, मोळीतला एक ऊस ओढून घेतला आणि पायरीवर बसून सोलू लागला.